पंखा ओढणाऱ्याचं घर

आमच्या घरात कोणाला मागून हाक मारत नसत. बोलायचं असेल तर माणसाच्या समोर यायचं. समोर येणं जमत नसेल तर जमिनीवर दोनदा पाय आपटायचा, माणूस वळला की मग बोलायचं. लहानपणी मला वाटे, सगळ्या जगात असंच चालतं. शाळेत फळ्यावर लिहीत असलेल्या गुरुजींच्या पाठीमागे जाऊन मी पाय आपटला आणि सणसणीत थप्पड खाल्ली, तेव्हा कळलं की ही फक्त आमच्याकडची रीत आहे.

आईला तर लग्नानंतर पहिले काही दिवस वाटत होतं की आपण रागीट माणसांच्या घरात पडलो. सासरा पाय आपटतो, नवरा पाय आपटतो, घरातली एवढीशी पोरंही पाय आपटतात. पुढे तिलाही सवय लागली. जळगावला आम्ही एका धाब्याच्या घराचा वरचा मजला भाड्याने घेतला होता. खाली लाकडी फळ्या आणि त्यांच्यावर मातीचा थर, अशी जमीन. आईने चुलीपाशी पाय आपटला की खिडकीपाशी बसलेल्या माणसाच्या बुडाला कळायचं. खालच्या मजल्यावरचे घरमालक मात्र वैतागायचे, आणि ते बिचारे बरोबरच होते.

असं का करायचं, हे वडिलांना विचारलं की ते म्हणत, पूर्वी धुळ्याच्या आपल्या घरात विंचू फार होते, पाय आपटला की ते पळत. वडील शिक्षक होते. आजोबांनी धर्मांतराच्या वेळी घरातले देव पांझरेच्या पाण्यात सोडले होते, आणि वडिलांनी त्यानंतर घरात दाराला साधी लिंबू-मिरचीसुद्धा लावू दिली नाही. ही एवढी एकच रीत त्यांच्या तपासणीतून सुटली, कारण तिला विंचवाचं शास्त्रीय कारण होतं.

आणि दुसरी एक गोष्ट सुटली होती, ती म्हणजे पणजोबा. आमचे पणजोबा इंग्रजांच्या काळात धुळ्याच्या कोर्टात होते. कोर्टात काय होते, हे कोणी सांगत नसे. ‘कोर्टात होते’ एवढंच, आणि पुढे एक ठरलेलं वाक्य: ते आल्याशिवाय साहेब खुर्चीवर बसत नसे. ज्या काळात आमच्या माणसाला गावच्या विहिरीपाशी उभं राहू देत नव्हते, त्या काळात साहेब आमच्या माणसाची वाट पाहायचा! जयंतीच्या कार्यक्रमात वडील भाषणाला उभे राहिले की हे वाक्य यायचंच. मी मनातल्या मनात पणजोबांना कोट चढवला होता, हातात कागदांची चळत दिली होती.

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न आत्याच्या मुलाशी झालं. आत्या वडिलांपेक्षा बरीच मोठी. वडील तिला अक्का म्हणत आणि तिच्यापुढे मान वर करून बोलत नसत. ती शिंदखेड्याजवळच्या एका खेड्यात दिलेली होती. भावाची मुलगी सून म्हणून मागणं हा तिचा हक्कच होता, आणि तो तिने मोठ्या मायेने बजावला. लग्नात तिने सुनेला स्वतःच्या गळ्यातली पोत काढून घातली. आईचे डोळे भरून आले होते. आपल्याच घरातून आपल्याच घरात गेली, असं सगळे म्हणत होते.

एक गोष्ट मात्र तेव्हाही मला खटकायची. आत्याच्या घरी पाय आपटायचा नाही, असा सक्त दंडक होता. लहानपणी सुट्टीत गेलो असताना मी तिच्या मागे उभा राहून पाय आपटला, तर तिने हातातली फुंकणी माझ्या पोटरीवर मारली होती. म्हणाली, हे तुमच्या बापाचं घर नाही. एरवी तिने आम्हाला कधी बोटही लावलं नव्हतं.

बहिणीला मुलगी झाली. ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. मुलगी गोरीगोमटी, हसरी, डोळे सारखे दुसऱ्याच्या तोंडाकडे. बोलत नव्हती, पण काही मुलं उशिरा बोलतात. बापही उशिराच बोलला होता, असं आत्या म्हणायची. मग शेजारच्या एका लग्नात वरातीपुढे कोणीतरी तिच्या पाठीमागे सुतळी बॉम्ब लावला. सगळी पोरं किंचाळत पांगली. ही खाली बसून मांडवातल्या पडलेल्या पाकळ्या गोळा करत राहिली. बहीण म्हणते, त्या क्षणी मला सगळं कळलं आणि मी कोणाला काही सांगितलं नाही.

सांगायला लागलंच. धुळ्याच्या कानाच्या डॉक्टरांनी मुलीला तपासलं आणि दोन प्रश्न विचारले. लग्न नात्यातलं आहे का? आणि घराण्यात आधी कोणी बहिरं होतं का? वडील बरोबर गेले होते. पहिल्याला ते हो म्हणाले, दुसऱ्याला ठामपणे नाही म्हणाले. डॉक्टर म्हणाले, मुलगी हुशार आहे, शिकवा. ऐकू मात्र येणार नाही.

आत्याने पहिल्यांदा ग्रहणाचं काढलं. गरोदरपणात सून ग्रहणात भाजी चिरत बसली होती म्हणे. पण ते काही टिकलं नाही, कारण त्या दिवशी भाजी आत्यानेच चिरली होती. मग तिने दुसरा रस्ता धरला. आमच्या घराण्यात असं कधी नव्हतं, म्हणजे हे सुनेच्या आईच्या माहेरचं. भडगावकडचं रक्तच खोटं. हे ती एकदा बोलली, मग दर माणसापाशी बोलू लागली, आणि कपाशी निघायच्या सुमारास बहिणीला ‘औषधपाण्यासाठी’ म्हणून मुलीसकट जळगावला पाठवून दिलं. न्यायला कोणी आलं नाही. आला तो निरोप: पंच बसवून काडीमोड करायचा, पोराचं दुसरं लग्न लावायचं.

बहिणीने तिची पेटी उघडलीच नाही. रोजच्या दोन साड्या वर काढल्या आणि पेटी तशीच दारापाशी ठेवली. तिला परत जायचं होतं. नवऱ्यावर तिचा जीव होता आणि त्याचाही तिच्यावर होता, हे मला माहीत होतं. फक्त त्याचा जीव आईच्या मुठीत होता. ती मला एवढंच म्हणाली, की दादा, आईच्या माहेरचं नाही एवढं सिद्ध कर, बाकी मी बघते.

माहेरावर बोट ठेवलं गेलेल्या बाईचा चेहरा मी तेव्हा पाहिला. आईने त्या काळात भाकरी थापणंसुद्धा हळू केलं होतं, जणू आवाज झाला तर कोणीतरी विचारेल.

मी तेव्हा केळीच्या एका सोसायटीत कारकून होतो. दिवसभर मालधक्क्यावर वॅगनी भरताना उभं राहायचं आणि संध्याकाळी घसा बसलेला घेऊन घरी यायचं. कायदा मला थोडाफार कळत होता. कोर्टात जा, असं सांगणारेही बरेच भेटले. पण कोर्टात जाऊन नवरा परत मिळत नाही, पोटगी मिळते. बहिणीला पोटगी नको होती. म्हणून मी ठरवलं, दोन्हीकडची घराणी धुंडाळायची. आईकडे काही निघालं नाही आणि वडिलांकडेही काही निघालं नाही, म्हणजे दोष कोणाच्याच रक्ताचा नाही, नुसत्या नशिबाचा. नशिबासाठी कोणी सुनेला टाकत नाही, असा माझा हिशेब.

आधी भडगावला गेलो. आईचे एक चुलते होते, आबा. नव्वदीला टेकलेले, दात एकही नाही, पण कान असे की मी फाटकाशी चपला काढल्या आणि आतून आवाज आला, ‘नवीन चप्पल दिसस.’ मला तिथेच हसू आलं आणि बरंही वाटलं. आबांना मी विचारलं, आपल्यात कोणी बहिरं होतं का. ते चांगलेच दुखावले. मग सांगितलं ते असं, की त्यांच्या आजाचा धंदाच मुळी ऐकण्याचा होता.

गिरणेवर तेव्हा पूल नव्हता. गाड्या उतारातून पाण्यात घालून पलीकडे न्यायच्या. वर कुठे पाऊस झाला तर इथे लख्ख ऊन असताना लोंढा यायचा आणि गाडी-बैल घेऊन जायचा. म्हणून गावाने आमच्या खापरपणजोबांना उतारावर बसवलं होतं. पावसाळाभर त्यांनी तिथेच राहायचं. गाडी आली की वाळूत आडवं पडून कान लावायचा आणि सांगायचं, जा, किंवा थांब. त्यांनी थांब म्हटलं की पाटलाची गाडीसुद्धा थांबायची. बदल्यात गाव त्यांना धान्य द्यायचं आणि पाणी मात्र वरूनच ओतायचं. जमिनीला कान लावून पोट भरणारा माणूस! असा धंदा असतो हेच मला माहीत नव्हतं.

त्या दिवशी परतीच्या बसमध्ये मी किती खूश होतो, ते आठवलं की आता स्वतःची कीव येते. घरी आलो आणि आईला सगळं सांगितलं. आईने पदराने तोंड पुसलं आणि पहिल्यांदा पोटभर जेवली. बहीण म्हणाली, आता आत्याकडे जा. मी म्हटलं, अर्ध्या कामाने जायचं नाही, धुळ्याचं झालं की जातो. वडील हसून म्हणाले, जा, पणजोबांचं काय निघेल, साहेबाची सहीच निघेल.

धुळ्यात आमचे दूरचे एक नातेवाईक होते. त्यांना सगळे नाना म्हणत. ते कोर्टात पट्टेवाले म्हणून निवृत्त झालेले, त्यांचे वडीलही पट्टेवालेच. मोतीबिंदूमुळे दिसत कमी होतं, पण बोलायची हौस दांडगी. मी पणजोबांचं नाव सांगितलं आणि विचारलं, ते कोर्टात काय होते. नाना म्हणाले, चल, दाखवतो.

जुन्या कचेरीच्या मागच्या व्हरांड्यात त्यांनी मला नेलं. भिंत चाचपत चाचपत गेले आणि एका ठिकाणी थांबून माझा हात धरून वर नेला. भिंतीत एक भोक होतं. मूठ मावेल एवढं, वरून चुना फासलेला, पण खालची कड घासून घासून गुळगुळीत झालेली. आतल्या दालनात छताला लाकडी दांडा लटकवलेला असे, त्याला कापडाची झालर. त्याची दोरी या भोकातून बाहेर यायची. बाहेर आमचे पणजोबा बसायचे, दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून, भिंतीला पाठ टेकून, सकाळपासून कोर्ट उठेपर्यंत. पाय हलला की आत वारा. आमच्या माणसाला दालनाच्या आत यायची बंदी होती, म्हणून भिंतीला भोक.

तर साहेब त्यांच्याशिवाय खुर्चीवर बसत नसे ते असं. उन्हाळ्यात धुळ्याला पंख्याशिवाय कोण बसेल?

मला लाज वाटली, हे खोटं कशाला सांगू. कोट गेला, कागदांची चळत गेली. पण लगेच दुसरा विचार आला की काम ते काम, त्यात लाजायचं काय, आणि मूळ मुद्दा तर वेगळाच आहे. मी सहज बोलावं तसं नानांना विचारलं, एवढ्या माणसांत साहेबाने त्यांनाच का ठेवलं.

नाना माझ्याकडे वळले. त्यांना वाटलं, मला माहीतच असणार.

‘बहिरा व्हता ना तो,’ ते म्हणाले. ‘जन्मना बहिरा. साहेबले असाच मानूस पाहिजे व्हता. आत काय बोलनं व्हस ते बाहेर जावाले नको.’

पुढचं ते सांगत राहिले. मी ऐकत होतो आणि ऐकू येत नव्हतं. पंखा जोरात हवा असेल तर बहिऱ्याला सांगायचं कसं? नानांचे वडील दालनाच्या दाराशी उभे असायचे. दालनाची जमीन लाकडी फळ्यांची होती आणि त्या फळ्या व्हरांड्यापर्यंत आल्या होत्या. ते दोनदा पाय आपटायचे. पणजोबांच्या बुडाला कळायचं, आणि ते वळून बघायचे. घरीही मग त्यांना तसंच बोलावू लागले. आधी बायकोने, मग पोरांनी, मग सुनांनी.

विंचू कधीच नव्हते. एका बहिऱ्या माणसाला माणसांत ठेवण्यासाठी घराने काढलेली ती युक्ती होती. तो माणूस मेला, तो बहिरा होता हे घर विसरलं किंवा विसरल्यासारखं केलं, आणि युक्ती तेवढी राहिली. तीन पिढ्या आम्ही एकमेकांना बहिऱ्यासारखं बोलावत आलो आणि डॉक्टरांना छातीठोकपणे सांगितलं, की घराण्यात कोणी नव्हतं.

धुळ्याहून जळगावला येईपर्यंत माझ्या डोक्यात एक नवा हिशेब तयार झाला. माणूस बुडताना काडीचा आधार घेतो म्हणतात, मी तर मोठं लाकूड समजून धरलं होतं. हिशेब असा: पणजोबा म्हणजे आत्याचा सख्खा आजा. म्हणजे हे रक्त जितकं माझ्या बहिणीत आहे, तितकंच आत्याच्या मुलात आहे, आत्यात तर एक पायरी जवळूनच आहे. आत्या ज्या तोंडाने भडगावला नावं ठेवते, त्याच तोंडाने तिला हे कबूल करावं लागेल. आपलेच दात आणि आपलेच ओठ. मग सुनेला कशावर टाकणार?

वडिलांना सांगितलं. ते खिडकीपाशी वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी ते नीट घडी घालून ठेवलं. पणजोबा गेले तेव्हा वडिलांचा जन्मही झाला नव्हता, त्यांना खरंच काही ठाऊक नव्हतं. मग ते म्हणाले, झाकली मूठ सव्वा लाखाची, ती उघडू नये. आई भाकरी थापत होती. ती तशीच पिठाच्या हातांनी उठून आली, नवऱ्याच्या समोर उभी राहिली आणि म्हणाली की मूठ तुमची झाकलेली राहावी म्हणून माझं माहेर वर्षभर उघडं टाकलंय तुमच्या बहिणीने. तिचा आवाज एवढा चढलेला मी त्याआधी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही. वडील दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर निघाले.

आत्या अंगणात बाजरी पाखडत होती. तिने आम्हाला पाणी दिलं, खाटेवर बसवलं आणि पुन्हा सूप हातात घेतलं. बहिणीचा नवरा गोठ्याच्या दाराशी उभा होता, आत येईना आणि जाईना. मी आवाज चढवायचा नाही असं ठरवून गेलो होतो आणि चढवला नाही. भडगावच्या आबांचं सांगितलं. मग भिंतीतल्या भोकाचं सांगितलं, दोरीचं, अंगठ्याचं, दोनदा पाय आपटण्याचं. सांगताना मला वाटत होतं की ती मध्येच ओरडेल, खोटं म्हणेल, निदान सूप तरी थांबेल. काहीच झालं नाही. बाजरी वर जात होती आणि खाली येत होती.

माझं संपल्यावर तिने सूप खाली ठेवलं.

‘माले सांगाले उना तू?’ ती म्हणाली. ‘मी त्यानाच मांडीवर मोठी व्हयनू. बठ्ठं माले माहित शे.’

वडील ‘अक्का’ एवढंच म्हणाले.

मग तिने जे सांगितलं ते तिच्या मुलालाही पहिल्यांदाच कळत होतं, त्याचं तोंड मला समोर दिसत होतं. तिला त्याच्या आधी एक मुलगा झाला होता. तो लहानपणीच गेला, एवढं आम्हा सगळ्यांना माहीत होतं. कसा गेला, हे कोणी बोलत नसे. तो आत्याच्या आजावर, म्हणजे आमच्या पणजोबांवर गेला होता. त्यालाही ऐकू येत नव्हतं. सात-आठ वर्षांचा झाल्यावर बकऱ्या घेऊन रुळांकडे गेला आणि मागून मालगाडी आली. ड्रायव्हरने शिट्टी वाजवली, बांधावरच्या माणसांनी हाका मारल्या. तो पाठमोरा उभा राहून पलीकडे गेलेल्या बकऱ्यांना हातांनी बोलावत होता. त्या दिवसापासून आत्याने घरात पाय आपटणं बंद केलं. पुढचा मुलगा ऐकणारा निघाला, तेव्हा तिला वाटलं की जे होतं ते त्या रुळांवर संपलं. म्हणून तिने निर्धास्तपणे भावाची मुलगी मागितली.

‘तुनी बहीण वाईट नही, भाऊ,’ ती मला म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि त्याचीच मला भीती वाटली. ‘पन रक्त येकच शे. दोन्हीकडथून तेच उनं. आते दुसरं पोर बी तसंच व्हई. येक पोऱ्या मी रुळवरथून गोळा करेल शे. म्हनीसन आते परक्या घरनी पोर करनी शे.’

डॉक्टरांनी ज्यासाठी ते दोन प्रश्न विचारले होते, तेच ती अंगणात बसून सांगत होती. मी जळगावहून जे हत्यार घेऊन आलो होतो, ते तिने माझ्याच हातून घेऊन उलटं धरलं होतं. आतापर्यंत तिच्यापाशी भडगावचं खोटं होतं, ते निदान खोडता आलं असतं. आता तिच्यापाशी खरं होतं, आणि ते मी आणून दिलं होतं. बहिणीचा नवरा तोवर द्विधा मनात होता, आईच्या बोलण्यावर त्याचा पुरता विश्वास नव्हता, असं मला नंतर कोणीतरी सांगितलं. त्या दिवशी तो विश्वास बसला. त्या दिवसानंतर त्याने पंचांपुढे एकदाही आढेवेढे घेतले नाहीत.

परत येताना वडील बसच्या खिडकीला डोकं टेकून बसले होते. नरडाणा गेलं, बेटावद गेलं, ते डोळे मिटूनच होते. मला वाटलं झोपले. पण अमळनेर आल्यावर ते स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले की विंचू मी माझ्या डोळ्यांनी पाहिले होते, एक-दोन तरी.

बहीण दारातच उभी होती. तिने फक्त विचारलं, कोणाकडचं निघालं. मी म्हटलं, दोन्हीकडचं, तुझ्याही आणि त्याच्याही. ती हुशार होती, तिला जास्त सांगावं लागलं नाही. तिने दारापाशी ठेवलेली पेटी उचलून आत नेली आणि उघडली. सगळ्या साड्या काढून कपाटात लावल्या, अगदी व्यवस्थित, घड्या मोडू न देता. लग्नातली हिरवी साडी वर ठेवली होती ती सगळ्यात खाली घातली. मला तिथे उभं राहवेना, म्हणून मी मालधक्क्यावर निघून गेलो. त्या दिवशी रजा होती.

काडीमोड झाला. परक्या घरची सून आली. पुढच्या वर्षी तिला मुलगा झाला आणि कोणीतरी जळगावला येऊन सांगितलं की त्याच्या कानामागे ताट वाजवलं तर तो दचकून रडतो. आत्याने गावभर गूळ वाटला म्हणे. ऐकून आई म्हणाली, चांगलं झालं. ती हे मनापासून म्हणाली की कसं, मला आजवर कळलेलं नाही. तिचं माहेर आरोपातून सुटलं होतं आणि मुलगी अडकली होती, त्यामुळे तिला धड आनंद करता येईना आणि धड रडता येईना. वडिलांनी जयंतीच्या भाषणातून पणजोबांना काढून टाकलं. नंतर नंतर ते भाषणालाच उभे राहिनासे झाले.

घरात पाय आपटणं तेवढं वाढलं. मुलगी खिडकीपाशी जमिनीवर बसून खेळायची आणि आई चुलीपाशी पाय आपटायची, ती लगेच वळायची आणि हसायची. इतक्या वर्षांनी त्या रीतीला तिचं माणूस मिळालं होतं. हे बघून कोणाला बरं वाटलं असेल तर वाटो. मला ते हसू बघवायचं नाही. मला तिच्या जागी व्हरांड्यात भिंतीला पाठ टेकून बसलेला माणूस दिसायचा.

एका दुपारी बहिणीचा नवरा आला. त्याला नवरा म्हणायची सवय अजून गेली नव्हती. जळगावला कपाशी विकायला आला असावा, अंगाला सरकीचा वास होता. बाहेरचा दगडी जिना तो इतक्या हळू चढला की मला कळलंच नाही. मी आतल्या खोलीत आडवा झालो होतो, बहीण चुलीपाशी होती. मुलगी नेहमीच्या जागी, दाराकडे पाठ करून, काड्यापेटीच्या डब्यांची गाडी करत बसली होती. तो उंबऱ्याबाहेरच थांबला. त्याच्या हातात पुड्यात बांधलेली शेव आणि एक लाल झबलं होतं. ते झबलं तिला दोन वर्षांपूर्वी बसलं असतं.

त्याने मुलीला हाक मारली. लाडाचं नाव घेऊन, बाप मारतो तशी. मुलगी डबे जोडत राहिली. त्याने पुन्हा हाक मारली, जरा मोठ्याने. त्याला माहीत होतं की तिला ऐकू येत नाही. त्यासाठीच तर सगळं झालं होतं. पण आत्याच्या घरात वाढलेल्या त्या माणसाला मुलीला बोलवायची दुसरी रीतच ठाऊक नव्हती. अंगणात मी ती सांगितली होती तेव्हा त्याच्या डोक्यात काय शिरलं आणि काय नाही, कोण जाणे.

मी उठून आतल्या दाराशी आलो होतो. तिथून मला बहीण दिसत होती, त्याला ती दिसत नव्हती. तिने हाक ओळखली होती. तव्यावरची भाकरी करपू लागली तरी ती उलटत नव्हती. मग तिने उजवा पाय उचलला. एकदा आपटला असता तरी पोरीने मागे वळून बापाला पाहिलं असतं.

बहिणीने पाय हळूच खाली ठेवला, आवाज न करता, आणि भाकरी उलटली.

त्याने तिसऱ्यांदा हाक मारली, ती अगदी खालच्या आवाजात होती. मग शेवेचा पुडा आणि झबलं उंबऱ्यावर ठेवून तो जिना उतरून गेला. मुलीची गाडी तोवर तयार झाली होती. ती ढकलत ढकलत दारापर्यंत आली, तेव्हा तिला झबलं दिसलं. तिने ते उचललं, अंगाला लावून पाहिलं आणि कोणी दिलं म्हणून माझ्याकडे बघितलं.

मी तिला हातांनीच सांगितलं, माहीत नाही.